मय्यत, माती आणि हिशेबाचा दिवस : घरची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी

मुसलमानाच्या घरात कुणी गेलं की पहिल्या दोन-तीन तासांत इतकी कामं एकदम समोर येतात की रडायलाही उसंत मिळत नाही. थोरली माणसं असतात तोवर सगळं आपसूक पार पडतं. ती गेली की एक दिवस सगळे आपल्या तोंडाकडे बघू लागतात. हा लेख त्या दिवसासाठी आहे. घरातल्या तरुण मुलामुलींसाठी, नव्याने इस्लाममध्ये आलेल्यांसाठी, आणि शेजारच्या मय्यतीला जायचंय पण काय करावं ते ठाऊक नाही अशा बिगरमुस्लिम दोस्तांसाठीही.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात बहुतेक लोक हनफी आहेत, म्हणजे इस्लामी रीतीनियमांची एक परंपरा पाळणारे. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांत शाफई, म्हणजे दुसरी परंपरा पाळणारे, जास्त. शिया आणि बोहरा जमातींच्या रीती आणखी वेगळ्या. मी मुख्यतः हनफी पद्धत सांगतोय, मोठा फरक असेल तिथे शाफईही. पण दारात मय्यत असताना मसल्यांवरून, म्हणजे रीतीनियमांवरून, वाद घालायचा नाही. गावचे पेश-इमाम सांगतील तसं करायचं.

दुसरं म्हणजे, या प्रत्येक कामामागे आखिरतवरचा, म्हणजे मरणानंतरच्या जगण्यावरचा, विश्वास उभा आहे. मरण म्हणजे शेवट नाही, हिशेबाकडे जाण्याचा रस्ता आहे, हे धरूनच सगळं केलं जातं. कफन-दफनात आपली माणसं सहसा कसूर करत नाहीत. राहून जातात ती लोकांची देणी, बायकोचा मेहर, म्हणजे निकाहात तिला द्यायची ठरलेली रक्कम, आणि बहिणीचा वाटा. कयामतच्या दिवशीच्या हिशेबात तर हेच फार अवघड पडणार आहे. म्हणून लेखाचा शेवटचा भाग घाईघाईने वाचू नका.

शेवटची घटका

माणूस जायला टेकलाय असं दिसलं की त्याच्याजवळ एक-दोन शांत माणसं ठेवा. जमलं तर त्याला उजव्या कुशीवर, तोंड किबल्याकडे, म्हणजे काबेच्या दिशेला, करून झोपवा. आपल्याकडे किबला पश्चिमेला. त्रास होत असेल तर आहे तसंच राहू द्या. ओठ ओले करत राहा. जवळ बसून आपणच हळू आवाजात ‘ला इलाह इल्लल्लाह’ (अल्लाहशिवाय कुणी पूज्य नाही) हा कलमा म्हणत राहायचं, म्हणजे त्याच्या कानावर पडेल आणि तोही म्हणेल. याला तल्कीन म्हणतात. ‘म्हणा, म्हणा’ असा तगादा अजिबात लावायचा नाही. जीव कासावीस झालेला असतो, वैतागून तोंडातून भलतंच निघायचं. एकदा त्याने कलमा म्हटला की गप्प राहायचं. नंतर तो दुसरं काही बोलला तरच पुन्हा सुरू करायचं. कुरआनातली सूरह (अध्याय) यासीन पढण्याचीही रीत आहे.

शुद्धीवर असेल तर त्याला अल्लाहच्या रहमतीची, म्हणजे दयेची, आठवण द्या. कुरआनात सूरह जुमरमध्ये सांगितलंय की स्वतःवर जुलूम केलेल्या बंद्यांनो, अल्लाहच्या रहमतीची आशा सोडू नका. जहन्नमची (नरकाची) भीती घालायची ही वेळ नाही.

डोळे मिटल्यावर

तोंडून ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ निघतं : आम्ही अल्लाहचेच आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत. मग लगेच डोळे हलक्या हाताने मिटवा, हनुवटीखालून डोक्यावर कापडाची पट्टी बांधा म्हणजे तोंड उघडं राहत नाही, हातपाय सरळ करा, पायाचे अंगठे एकत्र बांधा आणि अंगावर स्वच्छ चादर घाला. हे सगळं शरीर आखडण्याआधी व्हायला हवं.

तेवढ्यात एकाने डॉक्टरला बोलवायचं. घरी मृत्यू झाला असेल तर मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला हातात असल्याशिवाय शहरातल्या कब्रस्तानात अडचण येते. दवाखान्यात झाला असेल तर कागद तिथूनच मिळतात. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. ती दफनानंतर केली तरी चालते, पण विसरू नका, पुढे वारस नोंदीला मृत्यूचा दाखला लागतोच. अपघात असेल तर पोस्टमॉर्टेम टळत नाही. तिथे हुज्जत न घालता शक्य तितक्या लवकर व्हावं एवढी विनंती करायची.

दुसऱ्याने मशिदीत कळवून एलान (घोषणा) करायला सांगायचं आणि कबर खोदणाऱ्यांना निरोप द्यायचा. कोकणातल्या जांभ्यात किंवा पावसाळ्यात खोदायला वेळ जातो, म्हणून हे काम सगळ्यात आधी. जनाजा, म्हणजे मय्यतीची खाट, लवकर उचला अशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या शिकवणुकीची नोंद, आहे. दुबईहून मुलगा येतोय म्हणून दोन दिवस बर्फावर ठेवणं मला पटत नाही. काही तास थांबणं वेगळं.

गुसल

पुरुषाला पुरुषांनी, बाईला बायांनी आंघोळ घालायची. बायको नवऱ्याला गुसल देऊ शकते; नवऱ्याने बायकोला देणं शाफईंत चालतं, हनफींत नाही. जवळची माणसं असतील तर उत्तम, आणि मुलांनी यातून अंग काढून घेऊ नये. अम्मीचं शेवटचं न्हाणं परक्या बाईवर सोडून दाराबाहेर बसणाऱ्या लेकी मी पाहिल्यात. भीती वाटते हे खरं, पण एकदा हात लावला की भीती जाते.

तख्त किंचित उतरता ठेवा म्हणजे पाणी वाहून जाईल. पाणी कोमट, त्यात बोरीची पानं उकळलेली. नसतील तर साबण चालतो. बेंबीपासून गुडघ्यांपर्यंत जाड कापड झाकलेलंच राहतं, आणि त्याखालची स्वच्छता डाव्या हाताला कापड गुंडाळून, न बघता करायची. मग वजू, म्हणजे नमाजेआधी धुतात तसं हात-तोंड-पाय धुणं : आधी चेहरा, मग कोपरांपर्यंत हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं), शेवटी पाय. नाकातोंडात पाणी ओतायचं नाही. ओल्या कापसाने दात, हिरड्या आणि नाकपुड्या पुसायच्या आणि पाणी आत जाऊ नये म्हणून नाका-कानात कापूस ठेवायचा. डोकं धुवायचं. मग डाव्या कुशीवर वळवून उजवी बाजू डोक्यापासून पायापर्यंत, नंतर उजव्या कुशीवर वळवून डावी. मग पाठीला आधार देऊन थोडं बसतं करायचं आणि पोटावरून वरून खाली हलका हात फिरवायचा. काही निघालं तर तेवढंच धुवायचं, वजू-गुसल पुन्हा नाही. शेवटचं पाणी कापूर मिसळलेलं. असं तीनदा, गरज पडली तर पाच किंवा सात वेळा, पण विषम. नबी, म्हणजे पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, यांच्या लेकीच्या गुसलाच्या वेळी त्यांनी हजरत उम्मे अतिय्या आणि इतर बायांना हेच सांगितलं होतं : उजवीकडून आणि वजूच्या अवयवांपासून सुरू करा, आणि शेवटी कापूर घाला.

नखं, केस कापायचे नाहीत. शरीरावर काही दिसलं, एखादी जखम, डाग, व्यंग, तर ते तिथेच राहिलं पाहिजे. बाहेर येऊन बोलणारा माणूस पुन्हा गुसलाला बोलावू नका.

कफन

पुरुषाला तीन कपडे : लिफाफा (सगळ्यात बाहेरची चादर), इजार (आतली चादर) आणि बिनबाह्यांची, न शिवलेली कमीस, जिला आपल्याकडे कफनी म्हणतात. बाईला पाच : या तिनांबरोबर ओढणी आणि सीनाबंद, म्हणजे छातीवर बांधायचं कापड. पांढरं, साधं सुती कापड. सगळ्यात खाली लिफाफा, त्यावर इजार, त्यावर कमीस अंथरायची. मय्यत ठेवल्यावर कपाळ, नाक, तळहात, गुडघे आणि पावलं, म्हणजे सज्द्यात जमिनीला टेकणाऱ्या जागांवर कापूर लावायचा. कापड आधी डावीकडून, मग उजवीकडून गुंडाळायचं. डोक्याशी, कमरेशी आणि पायांशी पट्टीने बांधायचं. हजारोंचं कापड आणून नाव कमावण्याची ही जागा नव्हे.

जनाज्याची नमाज

नव्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती याची असते, आणि खरं तर नमाजांत ही सगळ्यात सोपी. रुकू (वाकणं) नाही, सज्दा (माथा टेकणं) नाही, सगळं उभ्यानेच. वजू हवं. जनाजा सगळ्यात पुढे, त्याच्यामागे इमाम, इमामाच्या मागे रांगा. तीन किंवा विषम रांगा करणं चांगलं.

चार तकबीर असतात, म्हणजे चार वेळा ‘अल्लाहु अकबर’ म्हणतात. पहिल्या ‘अल्लाहु अकबर’ला हात कानांपर्यंत नेऊन बांधायचे आणि सना, म्हणजे अल्लाहची स्तुती, पढायची, शाफई इथे सूरह फातिहा पढतात. दुसऱ्या तकबीरनंतर दरूद, म्हणजे नबींसाठीची दुआ, नमाजेत पढतो तोच. तिसरीनंतर मय्यतीसाठी दुआ. चौथीनंतर दोन्हीकडे मान वळवून सलाम. हनफी हात फक्त पहिल्या तकबीरला उचलतात, शाफई चारही वेळा. चौथ्या-पाचव्या रांगेत कुणी वर आकाशाकडे बघतंय, कुणी हात बांधू की सोडू म्हणून शेजाऱ्याकडे बघतंय, असं दरवेळी दिसतं. बघून बघून करण्यापेक्षा ही चार पावलं आजच पाठ करा.

तिसऱ्या तकबीरची दुआ अरबीतून पाठ नसेल तर निदान अर्थ मनात असू द्या : हे अल्लाह, आमच्यातल्या जिवंतांना आणि मेलेल्यांना, हजर असलेल्यांना आणि नसलेल्यांना, लहानांना आणि मोठ्यांना, पुरुषांना आणि बायांना माफ कर, ज्याला जिवंत ठेवशील त्याला इस्लामवर ठेव, ज्याला मरण देशील त्याला ईमानवर दे. मूल गेलं असेल तर त्याच्यासाठी माफी मागत नाहीत, त्याचा कसला गुन्हा? ते आईबापांसाठी शिफारस करणारं ठरावं अशी दुआ मागतात.

ही नमाज फर्ज-ए-किफाया आहे. काही जणांनी पढली की सगळ्यांवरची जबाबदारी उतरते, कुणीच नाही पढली तर सगळे गुन्हेगार. नमाजेला हजर राहणाऱ्याला एक किरात सवाब (पुण्य) आणि दफन होईपर्यंत थांबणाऱ्याला दोन, एकेक किरात मदिनेजवळच्या उहुद डोंगराएवढा, असं हदीसमध्ये आलंय.

बिगरमुस्लिम दोस्तांनो, मातीला यायला कसलाही संकोच करू नका. नमाज सुरू असताना बाजूला शांत उभं राहावं, पुढे खांदा द्यावा, माती द्यावी. गावोगाव हे चालतंच. डोक्यावर रुमाल असला की पुरे. फुलं-हार आणायलाच हवेत असं नाही. मदिनेत एकदा एका यहुदी माणसाचा जनाजा चालला होता, तेव्हा नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, हा तर यहुदी आहे. ते म्हणाले, “तो माणूस नाही का?” ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

माती

जनाजा भरभर न्यायचा, पण धावत नाही. खांदा आळीपाळीने खाटेच्या चारही पायांना द्यायचा. कबर उत्तर-दक्षिण असते. मय्यतीचं डोकं उत्तरेला आणि तोंड उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला. जमीन घट्ट असेल तर किबल्याच्या बाजूला आत कोनाडा काढतात, ती लहद. भुसभुशीत असेल तर मध्येच चर काढून वरून फळ्या किंवा फरशा टाकतात, ती संदूकची कबर. उतरवताना ‘बिस्मिल्लाहि व अला मिल्लति रसूलिल्लाह’ म्हणायचं. बाईची मय्यत असेल तर जवळच्या मेहरम, म्हणजे तिच्याशी निकाह होऊ शकत नाही अशा, पुरुषांनी उतरवायची आणि वर चादर धरायची. खाली ठेवल्यावर कफनाच्या गाठी सोडायच्या. फळ्या लावून फटी चिखलाने बुजवायच्या.

मग प्रत्येकाने डोक्याच्या बाजूने तीन मुठी माती द्यायची. पहिल्या मुठीला ‘मिन्हा खलक्नाकुम’, याच मातीतून आम्ही तुम्हाला घडवलं. दुसरीला ‘व फीहा नुईदुकुम’, यातच तुम्हाला परत नेऊ. तिसरीला ‘व मिन्हा नुख्रिजुकुम तारतन उख्रा’, आणि यातूनच तुम्हाला पुन्हा एकदा बाहेर काढू. ही सूरह ताहाची ५५वी आयत. नव्या माणसाला आखिरत समजावताना मी याच तीन मुठींपासून सुरुवात करतो, कारण सगळा अकीदा, म्हणजे श्रद्धेचा गाभा, तिथे हातातच येतो.

कबर वीतभर उंच ठेवायची, वर पाणी शिंपडायचं. पक्की बांधू नये. कबरीला चुना लावण्याची आणि तिच्यावर बांधकाम करण्याची हदीसमध्ये मनाई आहे. मुंबईसारख्या शहरात तर कब्रस्तानात जागाच पुरत नाही आणि जुन्या कबरीच्या जागी काही वर्षांनी दुसरी मय्यत येते. माती देऊन झाल्यावर लगेच गाड्या काढू नका. थोडं थांबून त्याच्यासाठी दुआ मागा, कारण आता त्याला सवाल होणार आहेत.

लोक परतल्यावर पुढे काय

हदीसमध्ये येतं की माघारी फिरणाऱ्यांच्या पावलांचा आवाज मय्यतीला ऐकू येत असतो, तेवढ्यात दोन फरिश्ते (देवदूत), मुनकर आणि नकीर, त्याला उठवून बसवतात. तुझा रब (पालनकर्ता) कोण? तुझा दीन (धर्म) कोणता? तुमच्यात पाठवलेल्या या माणसाबद्दल, म्हणजे नबींबद्दल, तू काय म्हणत होतास? मरणापासून कयामतपर्यंतचा हा काळ म्हणजे बरजख. माणसाबरोबर तीन गोष्टी कबरीपर्यंत जातात : घरचे, माल आणि अमल, म्हणजे केलेली कर्मं. दोन परत येतात, अमल तेवढा राहतो.

मग सूर, म्हणजे कयामतचं शिंग, फुंकला जाईल आणि सगळं संपेल. दुसऱ्यांदा फुंकला की सगळे उठून उभे राहतील. त्या दिवशी माणूस भावापासून, आईबापापासून, बायकोमुलांपासून पळेल, असं सूरह अबसमध्ये आहे. ज्याच्या उजव्या हातात आमालनामा, म्हणजे कर्मांची नोंद, येईल तो आनंदाने म्हणेल, हे घ्या, वाचा माझा लेख. डाव्या हातात आला तो म्हणेल, हा मला मिळालाच नसता तर बरं झालं असतं. मीजान, म्हणजे तराजू, लावली जाईल, राईच्या दाण्याएवढं कर्मही हजर केलं जाईल. सूरह यासीनप्रमाणे तोंडावर मोहर लागेल आणि हात बोलतील, पाय साक्ष देतील.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. अल्लाहने रहमतीचे १०० भाग केले आणि त्यातला एकच जमिनीवर उतरवला; आई लेकरावर माया करते ती त्यातूनच. ९९ त्याने स्वतःकडे ठेवलेत. भीती आणि उमेद दोन्ही असली की ईमान (श्रद्धा) जागेवर राहतं. आणि कोण जन्नती, कोण जहन्नमी हे मय्यतीच्या दारात आपण ठरवायचं नाही. हजरत उस्मान बिन मज्ऊन यांच्यासारख्या सहाबीबद्दलही (सहाबी म्हणजे नबींचे साथीदार) एक बाई खात्रीने बोलल्या तेव्हा नबींनी त्यांना विचारलं होतं, तुला कसं कळलं?

आता ती हदीस, जी मी प्रत्येक वारसाला ऐकवतो. नबींनी सहाबांना विचारलं, मुफलिस (कंगाल) कोण ते माहीत आहे का? ते म्हणाले, ज्याच्याकडे दिरहम नाही, सामान नाही तो. नबी म्हणाले, माझ्या उम्मतीतला (अनुयायांतला) मुफलिस तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण याला शिवी दिलेली, त्याच्यावर आळ घेतलेला, कुणाचा माल खाल्लेला, कुणाचं रक्त सांडलेलं, कुणाला मारलेलं. मग त्याच्या नेक्या या लोकांना वाटून दिल्या जातील. हिशेब फिटण्याआधीच नेक्या संपल्या तर त्यांचे गुन्हे त्याच्या माथी येतील आणि तो आगीत टाकला जाईल.

वारसांचं काम

बापाच्या माथ्यावरचं ओझं उतरवणं अजून आपल्या हातात असतं. कुरआनात सूरह निसामध्ये वाटे सांगताना पुन्हा पुन्हा आलंय : वसियत (मृत्युपत्र) आणि कर्ज भागवल्यानंतर. म्हणजे क्रम असा : कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, तीही वारस नसलेल्यांसाठी आणि फार तर मालाच्या एक तृतीयांशापर्यंत, आणि मग वाटणी. जनाज्याच्या नमाजेआधी थोरल्या मुलाने उभं राहून सांगावं, ‘अब्बांकडे कुणाचं देणं असेल तर मला भेटा, मी जबाबदार.’ एका कर्जदार सहाबीची नमाज पढवायला नबी तयार नव्हते. हजरत अबू कतादांनी कर्ज अंगावर घेतलं तेव्हाच त्यांनी पढवली. शहिदाचंही सगळं माफ होतं, कर्ज नाही. किराणा दुकानाची उधारी, पतसंस्थेचा हप्ता, भिशीचे पैसे, मजुराची राहिलेली रोजंदारी, सगळं वहीत लिहा आणि भागवा.

मेहर हेही कर्जच आहे. काही घरांत अजून पाहायला मिळतं : जनाजा उचलण्याआधी बायकोला पुढे आणतात आणि चार बाया म्हणतात, मेहर माफ कर म्हणून बोल. नुकतीच विधवा झालेली बाई, समोर नवऱ्याची मय्यत, भोवती सगळं गाव. ती दुसरं काय म्हणणार? ही माफी नव्हे. मेहर दिला नसेल तर वाटणीआधी तिच्या हातात द्या.

तिच्या इद्दतीचाही, म्हणजे विधवेने पाळायच्या मुदतीचाही, मान ठेवा : ४ महिने १० दिवस, पोटुशी असेल तर बाळंत होईपर्यंत. या काळात तिने दुसरा निकाह करायचा नाही, नटायचं नाही, राहत्या घरी राहायचं. दवाखाना, गरजेचं काम यासाठी बाहेर पडता येतं. तिला अंधाऱ्या खोलीत कोंडणं, अपशकुनी मानणं यातलं इस्लाममध्ये काहीही नाही. बाकीच्यांसाठी शोक तीन दिवसांचा. डोळ्यांतून पाणी येणं ही रहमत आहे. नबींचा लहानगा लेक इब्राहीम गेला तेव्हा तेही रडले होते. छाती बडवणं, कपडे फाडणं मना आहे. या दिवसांत चूल शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी सांभाळायची. नबींचे चुलतभाऊ हजरत जाफर शहीद झाले तेव्हा नबींनी त्यांच्या घरी जेवण पाठवायला सांगितलं होतं. जियारत, दहावा, चाळीसावा यांबद्दल उलेमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत, पण हे फर्ज आहे असं कुणीच म्हणत नाही. कर्ज काढून किंवा यतीम (अनाथ) मुलांच्या वाट्यातून देगा चढवू नका. सवाब पोचवायचा असेल तर त्यांच्या नावाने एखादं नळ-कनेक्शन, एखाद्या मुलाची फी भरा. सदका-ए-जारिया, म्हणजे चालू राहणारं दान, मरणानंतरही पोचत राहतो.

आता वाटणी. बायको, एक मुलगा आणि दोन मुली मागे आहेत आणि देणी भागून ८ लाख उरले असं धरा. बायकोला आठवा हिस्सा, १ लाख. उरलेल्या ७ लाखांत मुलाला दोन भाग, प्रत्येक मुलीला एक : मुलाला साडेतीन लाख, मुलींना पावणेदोन-पावणेदोन. आईबाप हयात असतील तर त्यांचेही ठरलेले वाटे आहेत, तेव्हा मुफ्तींकडून किंवा जाणकार मौलानांकडून लिहूनच घ्या. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देताना सगळ्या बहिणींची नावं घाला. ‘हुंडा दिला, लग्नात खर्च केला’ म्हणून वाटा फिटत नाही. आणि चाळीसाव्याच्या आत, रडून डोळे सुजलेल्या बहिणीपुढे हक्कसोड पत्राचा कागद ठेवू नका. तिचं नाव आधी सातबाऱ्यावर चढू द्या, वाटा तिच्या ताब्यात जाऊ द्या. नंतर त्यातलं भावाला काही द्यायचंच असेल तर ते तिने स्वतःच्या मर्जीने द्यावं.